बांधातला पाचवा

मी एक जुना दाबमापक आहे. नदीकाठच्या मातीच्या बांधात सहा वर्षं गाडलेला होतो, आता या कचेरीतल्या काचेच्या कपाटात उभा आहे. तुम्ही रांगेने आलात, बाई म्हणाल्या "बघा", म्हणून बघताय. मित्रांनो, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. माणसांशी माझी मैत्री नाही. का नाही, ते ऐका.

दिसायला मी वीतभर लांबीची पोलादी नळी. एका टोकाला बारीक भोकांच्या दगडाची टोपी, दुसऱ्या टोकाला काळी वायर. मातीतलं पाणी टोपीतून आत येतं आणि रेटतं. तो रेटा किती, हे मी वायरीतून सांगतो. नदी फुगली की पाणी बांधाच्या पोटात शिरतं आणि ते वरून कुणालाही दिसत नाही. ते सांगायला आम्ही बारा जण होतो. दर पंधरा मिनिटांनी आमचे बारा आकडे कचेरीतल्या संगणकावर जायचे. तिथे मॉडेल होतं, म्हणजे आकडेमोडीतून उभं केलेलं बांधाचं चित्र. बांध ठीक असला की चित्र हिरवं, धोका असला की लाल.

आमच्यासारख्यांना पुरण्याआधी टोपी दिवसभर पाण्यात भिजवायची असते. नाहीतर आत हवा अडकते आणि यंत्र कायमचं मंद होतं. चौथा, पाचवा आणि सहावा अशा आम्हा तिघांना नदीच्या वळणावर बसवायचं होतं आणि फिटरला घरी जायची घाई होती. त्याने चौथ्याला आणि सहाव्याला चहात बिस्किट बुडवावं तसं बुचकळलं आणि भोकात सोडलं. मी पाचवा. मला तो बादलीतच विसरला. दुसऱ्या दिवशी दुपारी आठवण झाली तेव्हा मलाच शिव्या घालत परत आला. माझं जे काही भलं झालं ते त्याच्या वेंधळेपणामुळे झालं, काळजीमुळे नाही.

आमच्याआधी बांधावर एक गस्तवाली होती. सकाळ-संध्याकाळ काठी घेऊन अख्खा बांध चालायची, पायथ्याशी काठी खुपसून ओल बघायची. राहायलाही तिथेच, वळणाखालच्या घरात, आईबरोबर. आईचं खुब्याचं हाड मोडलेलं, ती पलंगावरून उठू शकत नव्हती. आम्ही आलो आणि गस्त बंद झाली. आता चालायला माणूस नको, संगणक पुरे, असं साहेबांना पटवून देणारा दुसरातिसरा कुणी नव्हता, तिचा सख्खा धाकटा भाऊ होता. मॉडेल त्यानेच बनवलं होतं. तिला गोदामात रिकाम्या गोण्यांवर लक्ष ठेवायला बसवलं.

शेवटच्या दिवशी ती माझ्या वायरीच्या खांबापाशी आली, खांबावरच्या पेटीला सणसणीत लाथ घातली आणि म्हणाली, "बसा आता बोंबलत. बघू कोण ऐकतंय." पेटीचं दार वाकडं झालं, ते शेवटपर्यंत नीट लागलं नाही. मला तिचा राग आला. आजही आहे. पण बोलली ते खरं.

कारण मी खरंच बोंबलत होतो. नदी हातभर चढली की माझा आकडा चढायचा, उतरली की उतरायचा. चौथा आणि सहावा मात्र ढिम्म. त्यांच्या टोप्यांत हवा अडकलेली होतीच, पहिल्या वर्षातच वर चिखलही बसला होता आणि ते उन्हाळा-पावसाळा एकच आकडा सांगत होते. साहेबांना ते फार आवडायचे. "बघा, हे दोघं कसे शहाण्यासारखे राहतात. हा पाचवा नुसता रडका आहे," असं ते आल्या-गेल्याला सांगायचे. मॉडेलवाला हसायचा. मग त्याने एक नियमच घातला. शेजारचे दोघं एक सांगत असतील आणि मधला भलतंच सांगत असेल, तर मधला खराब समजायचा. त्या दिवसापासून पडद्यावर माझा चौकोन करडा झाला. दोन मुडद्यांची साक्ष काढून मला खोटा ठरवला! बांधावर येऊन एकदा तपासावं, एवढे कष्ट कुणी घेतले नाहीत. मी आकडे पाठवत राहिलो. मला दुसरं काही येत नव्हतं.

सहाव्या वर्षी नदी आली ती उतरेचना. अकरा दिवस पाणी बांधाच्या काठोकाठ. माझा आकडा रोज चढत होता. आतली माती सैल होतेय हे मला कळत होतं, मी तिच्यातच उभा होतो. चित्र हिरवंगार. भाऊ बहिणीला रोज फोन करून सांगायचा, "ताई, आपलं घर हिरव्यात आहे. आईला हलवू नकोस, उगाच पाय दुखावेल."

अकराव्या दिवशी दुपारी ताईला राहवलं नाही. ती जुनी काठी घेऊन बांधावर आली. स्वतःच्याच घराच्या भिंतीमागे, पायथ्याशी, पाणी बुडबुडत वर येताना तिला दिसलं. नितळ पाणी झिरपलं तर एक वेळ चालतं. हे गढूळ होतं. गढूळ म्हणजे बांध स्वतःची माती बाहेर टाकतोय. तिने माझ्या खांबाला टेकून फोन लावला. तिचं बोलणं मी तिथे ऐकलं, त्याचं नंतर, या कपाटात आल्यावर, शिपायाच्या तोंडून ऐकलं. कचेरीत दुसरं बोलतात काय?

"पायथ्याला गढूळ पाणी येतंय. वाळू घेऊन येतंय."

"ताई, पाऊस चालू आहे. पाणी असणारच."

"मला पाऊस शिकवू नकोस. तुझी इथली यंत्रं काय म्हणतात?"

"चौथं ठीक आहे. सहावं ठीक आहे."

"आणि मधलं?"

"ते खराब आहे. काढून टाकलंय मी त्याला."

"काढलंयस म्हणजे? उपटलंस?"

"नाही गं. मोजत नाही."

"मग आता मोज!"

त्याने मोजलं. एक बटण दाबायचं होतं, बाकी काही नाही. वळण लाल झालं. शिपाई सांगतो, साहेब ओरडत होते आणि हा नुसता पडद्याकडे बघत होता. मग भोंगा वाजला. गल्लीतल्या चार जणांनी म्हातारीला पलंगासकट उचललं आणि चढावरच्या शाळेत नेलं. पाऊण तासात वळण खचलं. घर गेलं, गल्ली गेली. माणसं वाचली. मी वायरीला लोंबकळत पाण्यात आपटत राहिलो.

पाणी ओसरल्यावर ताई चिखलात घरातलं काही सापडतंय का ते शोधत होती. मी सापडलो. तिने मला बाहीला पुसलं नाही की काही नाही, तशीच कचेरीत आली आणि मला भावाच्या टेबलावर, त्याच्या कागदांवर आपटलं. "हा घे तुझा खराब." त्यानंतर ती त्याच्याशी बोललेली नाही. गस्त पुन्हा सुरू करायच्या कागदावर त्यानेच सही केली. ती कामावर आली, त्याचा फोन मात्र उचलत नाही.

मग चौकशी झाली आणि अहवालात काय आलं? "यंत्रणेने वेळेवर इशारा दिला." मला धुऊन पुसून या कपाटात ठेवलं आणि खाली तेच वाक्य लिहून लावलं. वाचा, मोठ्या अक्षरात आहे. समारंभही केला. साहेबांनी भाषण ठोकलं. म्हातारी आता मुलाकडे राहते, तिला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. तिने ते वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं, आणि टाळ्या चालू असतानाच मुलाला विचारलं, "हा अकरा दिवस सांगत होता ना रे?"

"हो, आई."

"मग तू कुठे होतास?"

"इथेच होतो. या पडद्यासमोर."

टाळ्या थांबल्या. म्हातारी म्हणाली, "मला घरी ने." मग तिलाच आठवलं की घर नाही. तो खाली मान घालून उभा होता. मला वाटलं होतं त्या दिवशी बरं वाटेल. वाटलं नाही.

मित्रांनो, शेवटी मी विनवणी करायची असते, की माझी निगा राखा. मला निगा नको, मी आता शोभेची वस्तू आहे. बांधात नवे बारा बसवलेत, त्यांची राखा. त्यांना पुरण्याआधी भिजवा, वर्षातून एकदा तरी जाऊन तपासा. आणि एकच कुणी वेगळं सांगायला लागला, तर त्याला नाव ठेवण्याआधी पायात चपला घाला आणि बघून या.

आता मागे वळा. पडद्यासमोर बसलाय तोच तो मॉडेलवाला. त्याला विचारा, आज कुठला आकडा वगळलाय? तो उठून बांधाकडे निघाला तर समजा, काहीतरी शिकलाय. बसल्या जागेवरून समजावून सांगायला लागला, तर नदीकाठी राहणाऱ्यांनी घरी जाऊन सामान बांधा.