वर्खातली खोट

मँचेस्टरच्या अँकोट्स भागात आमचा सोन्याचा वर्ख कुटायचा कारखाना होता. पुरुष हातोडे चालवायचे आणि आम्ही बायका वर्ख कापून कागदी वह्यांत घालायचो. आमच्या टेबलाच्या मुख्य हेस्टर ऑलरेनशॉ. सुरकुतलेला वर्ख नुसत्या फुंकरीनं सपाट करावा तो त्यांनीच.

पेनहेल म्हणून एक पदार्थविज्ञानवाले दर महिन्याला प्रयोगासाठी वर्ख न्यायचे. १९०९च्या एप्रिलमध्ये ते आले ते कुरकुरतच.

"बाई, तुमच्या मालात खोट आहे."

आमचे हात थांबले. हेस्टरबाईंनी सुरी खाली ठेवली. "कसली खोट?"

पेनहेलनी सांगितलं ते असं. रेडियममधून फार वेगानं बारीक कण सुटतात. ते कण पेनहेल वर्खावर सोडत आणि पडद्यावर कण आदळला की उठणारी ठिणगी मोजत. अणू म्हणजे सगळीकडे सारखा पसरलेला मऊ गोळा, असं तेव्हा मानत. म्हणजे कण आरपार जायला हवेत. जातही होते, पण हजारोंतला एखादा उलटा फिरून मागे येत होता.

"असं होऊच शकत नाही. वर्खावर कुठेतरी मळ असणार, नाहीतर गाठ."

"माझ्या वर्खावर?" हेस्टरबाईंनी एक वर्ख चिमट्यानं उचलून खिडकीशी धरला. उजेड हिरवट होऊन आरपार आला. "दाखवा गाठ."

पेनहेलनी बराच वेळ पाहिलं. गाठ सापडली नाही, तरी त्यांचं समाधान होईना.

"मळ असला तर तो पृष्ठभागावरच असणार ना?" हेस्टरबाईंनी विचारलं.

"हो."

"मग मी तुम्हाला आठ वर्ख एकावर एक ठेवून देते. आणि त्या आठांच्या जाडीचा एकच जाड पत्रा. सोनं दोन्हींत सारखं, पण थप्पीत पृष्ठभाग आठपट. खोट माझी असेल तर थप्पीवरून जास्त कण उलटतील."

पेनहेलनी वही काढून ते टिपून घेतलं. मग म्हणाले, "हे मला सुचायला हवं होतं."

"हवं होतंच," हेस्टरबाई म्हणाल्या. टेबलावर खसखस पिकली.

तीन आठवडे ते दिवसाढवळ्या काळोख्या खोलीत बसून ठिणग्या मोजत होते. परत आले तेव्हा डोळे लाल झाले होते. "दोन्हींवरून जवळपास सारखेच उलटतात. खोट वर्खात नाही, बाई. मी चुकीचं बोललो."

"मग कण अडतात कशाला?"

"सोन्यातच काहीतरी आहे. काय, ते माहीत नाही."

ते कळायला दोन वर्षं गेली. १९११मध्ये पेनहेल मुद्दाम चहाच्या वेळी आले. त्यांच्या वरिष्ठांनी गणित मांडलं होतं. अणूचं जवळजवळ सगळं वजन मधल्या एवढ्याशा गाभ्यात असतं आणि भोवती बहुतेक पोकळीच. नेमका गाभ्यावर चालून जाणारा कणच मागे फेकला जातो.

"केवढा गाभा?" मी विचारलं.

"अणू या कारखान्याएवढा धरला, तर वाटाण्याएवढाही नाही."

"म्हणजे तीस वर्षं मी पोकळीच वह्यांत भरतेय," हेस्टरबाई म्हणाल्या. "मालकांना कळू देऊ नका."

आम्ही हसलो, पेनहेलही हसले. मग त्यांनी खिशातून छापील निबंध काढून हेस्टरबाईंपुढे ठेवला. त्यात हेस्टरबाईंचं नाव नव्हतं, आणि हे सांगताना ते जरा ओशाळले.

"नाव राहू द्या. माल चांगला होता, असं लिहिलंय का?"

"तसं नाही लिहिलेलं."

"मग पुढच्या वेळी लिहा," असं म्हणून हेस्टरबाई कप बाजूला सारून कामाला लागल्या.