वीस हिवाळ्यांचं यंत्र

तळहातावर तो करंगळीएवढा बोल्ट... मोडण्यासाठीच केलेला, म्हणे. पात्यांत दगड अडकला की हा मोडतो आणि बर्फ उडवायचं यंत्र वाचतं. दुकानदार ड्वेनने तो ठेवला एल्माच्या हातावर, पण समजावत होता आर्वोला. जसं काही आर्वोच चालवणार होता! छाती उघडून शिवलेला, फावड्याला हात लावायची बंदी असलेला तिचा नवरा — अरे माणसा, मी चालवणार आहे, माझ्याकडे बघ की.

लहान स्नोब्लोअर घ्यायचा, हे ती घरून ठरवूनच आली होती. सातशे डॉलरचा, हलका. पण — या 'पण'पाशी ती सकाळपासून अडखळत होती — लहान यंत्र भुसभुशीत बर्फ उडवतं. नगरपालिकेची गाडी रस्ता साफ करताना दारापुढे जो ओला, दगडासारखा बांध टाकून जाते, त्याच्यापुढे ते नुसतं घरघरतं. गेल्या जानेवारीत तोच बांध फोडताना आर्वो फावड्यावर वाकला, वाकलेलाच राहिला, आणि खिडकीतून तिला वाटलं, बुटाची नाडी बांधतोय...

"मोठंच घेऊ," आर्वो म्हणाला. "बांध फोडून पार कुंपणापलीकडे फेकतं. अठराशे तर अठराशे."

"मला ते वळवता येणार नाही."

"न यायला काय झालं? ड्वेन, दाखव रे हिला."

"वहिनी, पोरीबाळी चालवतात हे," ड्वेन हसला.

पोरीबाळी! तिने दात आवळून मोठ्या यंत्राच्या मुठी धरल्या, रेटा दिला. यंत्र अर्धं वळलं आणि मांडणीवर धडकलं. रंगाचे दोन डबे गडगडत गेले. आर्वो तिला बाजूला सारून पुढे झाला, त्याने यंत्राला हिसडा दिला — आणि थांबला. ओठ पांढरे. काय होतंय, असं तिने विचारलं नाही. विचारलं की तो चिडतो.

"बस तिथे."

"बराय मी." पण मिठाच्या गोणींवर तो बसला.

"लहानच घेऊ, आर्वो. पाच हिवाळे चाललं तरी पुष्कळ झालं."

"हे वीस चालेल."

"वीस? आपल्याला कशाला वीस?"

तो तिच्याकडे बघेना. हातमोजा काढून यंत्राच्या लाल पत्र्यावर हात फिरवत ड्वेनला म्हणाला, "हिची आई सत्त्याण्णव वर्षं जगली. शेवटपर्यंत स्वतःच्या घरात."

ड्वेन उगाच डबे उचलू लागला.

म्हणजे सकाळपासून ज्याला ती त्याचा पुरुषी तोरा समजत होती, ते हे होतं... दारापुढे ती एकटी, ऐंशीची, नव्वदीची, आणि आजूबाजूला कुणीच नाही — हे चित्र त्याने किती दिवस एकट्याने पाहिलं असेल? आणि मी? मी पाच म्हणाले. सहज म्हणाले. ते पाच कुणाचे मोजले मी?

"मग, कुठलं चढवू गाडीत?" ड्वेनने विचारलं.

तिला ओरडायचं होतं — तुझ्याशिवायची इतकी वर्षं माझी तू परस्पर ठरवलीसच कशी! — पण राग बाहेर पडेना. त्याच्यावर काढवेना, स्वतःवरही पुरता वळेना. ती गोणींवर त्याच्या शेजारी बसली. तो अजून धापा टाकत होता, आणि आपला एकही श्वास त्याच्यापेक्षा जास्त होऊ नये, अशी ती नकळत आपला रोखून धरत होती.