सातव्या घाण्यातला दांडा

मित्रांनो, मी एक जुना, मधोमध तुटलेला लोखंडी दांडा आहे. जाडीला तुमच्या अंगठ्याएवढा, लांबीला वीतभरही नाही. रस्त्यात पडलेला दिसलो तर तुम्ही मला पायाने बाजूला साराल. पण एके काळी चांगली जाणती माणसं श्वास रोखून माझ्याकडे पाहत उभी होती.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. ओतशाळा म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यांत ओतून वस्तू करण्याची जागा. तिच्या मागच्या अंगाला, वाळूच्या ढिगापलीकडे एक लहानशी प्रयोगशाळा होती. एक काजळलेली खिडकी, एक छोटी भट्टी आणि भिंतीला टेकून उभं असलेलं, दांडे ओढून तोडणारं यंत्र. तिथे एक संशोधक काम करायची. सगळे तिला 'बाई' म्हणत. फक्त एकजण दारातूनच 'ए ताई' अशी हाक मारायचा. तो तिचा धाकटा भाऊ. शेजारच्या माल उचलण्याच्या आवारात तो कामाला होता. अवजड पेट्यांना दोर बांधायचा आणि कप्पीवरून त्या वर चढवायच्या, हे त्याचं काम.

कप्पी तुम्हाला माहीत असेल. दोर ज्या खोबणीच्या चाकावरून फिरतो, ती कप्पी. आवारातल्या कप्प्या भराभर झिजत. झिजली की ती बदलायला उंच खांबावर चढावं लागे, आणि भाऊ अंगाने हलका म्हणून दर खेपेला त्यालाच चढवत. एकदा त्याचा पाय सटकला. कमरेचा पट्टा होता म्हणून निभावलं. तो हसत हसत खाली उतरला, पण ताईच्या जिवाचं पाणी पाणी झालं. सहज झिजणार नाही असं लोखंड शोधायचंच, असं तिने त्या दिवशी मनाशी ठरवलं.

मित्रांनो, नवा प्रयोग कुणी एकदम मोठ्या भट्टीत करत नाही. फसला तर ढीगभर माल मातीमोल होतो. म्हणून आधी लहान मुशीत थोडंसं वितळवून पाहतात. घरी तळणाचा पहिला घाणा काढून मीठ-तिखट बघतात ना, तसंच. ताई त्यांना घाणेच म्हणायची. पहिल्या घाण्याचे दांडे काचेसारखे तडकले. दुसऱ्याचे मऊ निघाले. पुढच्या एकात इतके बुडबुडे होते, की भट्टीवाले काका म्हणाले, "बाई, हे लोखंड नाही, जाळी आहे. खिडकीला लावा."

मी सातव्या घाण्यातला. आमचा जन्मच तुटण्यासाठी असतो. घासून गुळगुळीत करायचं, यंत्राच्या दोन जबड्यांत धरायचं आणि दोन्ही बाजूंनी ओढत राहायचं. किती ताण सोसून आम्ही तुटतो, त्यावरून त्या लोखंडाची ताकद ठरते.

माझी पाळी आली तेव्हा भाऊ दारात उभा होता. "ताई, स्वतःच जन्माला घालतेस आणि स्वतःच तोडतेस. कसली गं आई तू!"

"गप रे. हे इथे तुटतात ते तुम्ही तिकडे धड राहावं म्हणूनच."

यंत्र घरघरलं. ताण वाढू लागला. माझ्या आधीचे दांडे जिथे तुटले होते, तिथवर यंत्रावरचा ताण दाखवणारा काटा आला आणि पुढे गेला. आणखी पुढे गेला. मग माझ्या कमरेत कळ उठली आणि मोठा आवाज होऊन माझे दोन तुकडे झाले. भावाने टाळी वाजवली. भट्टीवाल्या काकांनी मला उचलून कपाळाला लावलं. ताईने भिंगाखाली माझी तुटलेली बाजू पाहिली. दळलेल्या पिठासारखे बारीक, एकसारखे कण. "देखणा आहे," ती म्हणाली. मला आजवर कुणी असं म्हटलेलं नव्हतं.

माझा दुसरा तुकडा ओतशाळेच्या साहेबांनी खिशात टाकला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते तो दाखवत. मी खिडकीतल्या फळीवर विराजमान झालो.

मग मोठ्या भट्टीत तेच मिश्रण वितळवून दहा कप्प्या ओतल्या. त्याच भट्टीतून माझ्यासारखा एक बारीक दांडाही ओतला. तोही माझ्याइतकाच ताण सोसून तुटला. सगळे खूश झाले. ताई मात्र एक कप्पी टेबलावर घेऊन तिच्या मधल्या जाड भागावरून, म्हणजे तुंब्यावरून, पुन्हा पुन्हा बोट फिरवत होती.

"साहेब, यातली एक मला कापून बघायची आहे."

"का? दांडा पास झाला ना?"

"दांडा बारीक आहे. हा तुंबा मनगटाहून जाड आहे. आत कसं गोठलं असेल, सांगता येत नाही."

"अहो बाई, दहाच ओतल्यात आणि दहाही गिऱ्हाइकांना कबूल केल्यात. कापलेली कप्पी काय टाके घालून देऊ?" साहेब हसले. ते वाईट माणूस नव्हते. "शितावरून भाताची परीक्षा करतात. पातेलं उपडं करून कुणी बघतं का?"

त्याच दिवशी भाऊही आला. "ताई, दे ना गं लवकर. जुनी पुन्हा झिजलीय. उद्या परत मलाच चढवतील."

ताईने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिने मान हलवली आणि ती कप्पी भावाच्या हाती दिली.

मित्रांनो, इथे थोडं थांबा आणि नीट समजून घ्या. बारीक वस्तू झटकन निवते, म्हणून तिचे कण बारीक राहतात आणि घट्ट बसतात. जाड वस्तू बाहेरून आधी गोठते, आत मात्र बराच वेळ धगधगत राहते. तिचे कण जाडेभरडे होतात. आतलं लोखंड मागाहून आकसतं आणि मध्येच पोकळी राहून जाते. बाहेरून काहीच दिसत नाही. पातेल्यातलं वरचं शीत शिजलेलं होतं, पण तळाला काय आहे ते कुणी पाहिलंच नव्हतं.

कप्पी छान चालली. खोबणीवर ओरखडाही उठेना. भाऊ येऊन सांगायचा, "ताई, आता मी खांब विसरलोच. नुसता खाली उभा राहून दोर ओढतो." ताई हसायची. हळूहळू तीही निर्धास्त झाली. माझ्यावर धूळ साचली आणि मला पुसायचं कुणाच्या ध्यानात राहीना.

एका थंडीच्या सकाळी आवाराकडून आवाज आला. तसा आवाज मी ओळखतो. तुटण्याचा आवाज. त्यामागून माणसांची धावपळ, आणि मग कुणीतरी ताईच्या दाराशी आलं. पण आत येईना, नुसतंच उंबऱ्यावर उभं राहिलं.

तुंबा फुटला होता. पेटी खाली आली, आणि भाऊ खाली होता. तो गेला.

काही दिवसांनी फुटलेली कप्पी प्रयोगशाळेत आली. ताईने तिचे तुकडे माझ्याशेजारी ठेवले. त्यांचे कण जाड्या मिठाएवढे होते आणि मधोमध वाटाण्याएवढी पोकळी. ताई त्यांच्याकडे बघत बसली असताना तिची आई आली. आईने या खोलीत पूर्वी कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

"मला दाखव," आई म्हणाली.

ताईने तुकडा पुढे केला. आईने करंगळी त्या पोकळीत घालून पाहिली. जेमतेम नखभर आत गेली.

"एवढंसं?"

"हो, आई."

"आणि हा कोण?" तिने मला उचललं.

"याची आम्ही परीक्षा घेतली होती. हा चांगला होता."

आईने मला परत फळीवर ठेवलं, अगदी हळू. "मग त्या कप्पीचीही घ्यायची होती," ती म्हणाली आणि पदर तोंडावर ओढून निघून गेली. ताई उठली नाही. खोलीत अंधारून आलं तरी तिने दिवा लावला नाही.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. त्यांनी खिशातून माझा दुसरा तुकडा काढून टेबलावर ठेवला आणि बाकीच्या कप्प्या परत आणायला गाडी दिली. आठ कप्प्या परत आल्या. कापल्यावर तिघींच्या पोटात तशीच पोकळी निघाली. उरलेल्या पाच चांगल्या होत्या, पण त्याही वितळवल्या. आता ओतशाळेत नवं मिश्रण आलं, की त्यातली एक पुरी वस्तू कापायचीच, असा ताईने नेम केला आहे. त्यावर आता कुणी हसत नाही.

पण एक कप्पी राहिली. ती ज्या आवाराने नेली, ते बंद पडलं. सामान भंगारात गेलं, भंगारातून कुणी उचललं, कुणी विकलं, पत्ता नाही. सुटीच्या दिवशी ताई मला पिशवीत घालते आणि निघते. गोदामं, वखारी, बांधकामं, जिथे म्हणून दोर वर-खाली होतो तिथे ती मान वर करून चालते. माझ्या टोकावर सातव्या घाण्याची एक फुली आहे; तशीच त्या दहाही कप्प्यांच्या तुंब्यांवर उमटवली होती. ही फुली दाखवून ताई लोकांना विचारते, "अशी खूण असलेली कप्पी बघितलीत का?"

लोक मला हातात घेतात, वजन बघतात आणि म्हणतात, "नाही बुवा. पण लोखंड झकास आहे."

मित्रांनो, हे ऐकून मला पूर्वी आनंद झाला असता. तुम्ही मोठे व्हाल, काहीतरी नवं शोधाल, त्याचे लहान घाणे काढाल. जरूर काढा. त्यांच्याशिवाय पुढे जाता येत नाही. पण माझ्यासारख्या दांड्याला फक्त त्याच्याविषयीच विचारा. जे माणसांच्या डोक्यावर टांगायचं आहे, ते कापून आत बघा, मग ते कितीही महाग असो आणि मागणारा कितीही आपला असो.

आणि कुठे वर कप्पी दिसली, तर तिच्या तुंब्यावर फुली आहे का, ते बघा. असली तर खालच्या माणसांना आधी बाजूला करा. मग ताईला निरोप द्या.