थंड खोलीतला घाम

मास्तरांचा हात थरथरायला लागला की बेकरीत सगळ्यांना कळायचं, मास्तरांची साखर उतरली. हे मास्तर शाळेतले नव्हेत, केकवर नावं लिहिणारे. त्यांचं अक्षर असं देखणं, की लोक सुरी हातात घेऊन थबकत आणि नाव वाचवत कडेकडेनं केक कापत. सकाळी इन्शुलिनची सुई घेतली, की कामाच्या नादात खाणं लांबायचं. मग हात थरथरे, छाती धडधडे, आणि त्यांची बायको काउंटर सोडून साखरेचं पाणी घेऊन धावे. तिला भट्टीवाल्यापासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळे वहिनीच म्हणत.

मग यकृतानंही मान टाकली. मास्तर जन्मात दारूच्या वाटेला गेले नव्हते, पण यकृताचं नाव काढलं की समोरचा हळूच डोळा मिचकावायचा.

"बाटलीनं नाही हो, बटरनं बिघडलंय," वहिनी ठणकावून सांगत.

यकृत निबर झालं, त्यापायी अन्ननलिकेतल्या नसा फुगल्या. त्या फुटल्या तर रक्ताची उलटी व्हायची, म्हणून डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यावरचा दाब कमी करणारी एक गोळी दिली. मास्तर एकटेच जाऊन ती घेऊन आले, ते परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखे.

"हात थरथरायचा नाही म्हणाल्या आता."

"आणखी काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या काहीतरी. महत्त्वाचं तुला सांगितलं."

आणि खरंच, थरथर गेली. मास्तरांच्या अक्षराला नवं तारुण्य आलं. वेलांट्या अशा वळू लागल्या की भट्टीवाला म्हणाला, "वहिनी, जरा लक्ष ठेवा. या वयात एवढं सुंदर लिहायला लागला म्हणजे माणूस पत्रं कुणाला लिहील सांगता येत नाही."

मास्तरांनी पत्रं काही लिहिली नाहीत, पण केकवर चुका मात्र सुरू झाल्या. आधी एका मुलीच्या नावातला काना गळला. मग आजीच्या केकवर 'चिरंजीव बाळास' उमटलं. अक्षर सगळं मोत्यासारखं. वहिनी गुपचूप पुसून पुन्हा लिहायला सांगत आणि मास्तर चिडत. पूर्वी कधी न चिडणारा माणूस आयसिंगच्या कोनाच्या टोकावरून भांडू लागला.

विस्मरणाचं दुखणं असंच सुरू होतं, असं वहिनींनी ऐकलं होतं. केकवर अक्षरं छापणारं यंत्र विकायला एक जण मागे येऊन गेला होता. वहिनींनी त्याचा नंबर शोधून ठेवला. मास्तरांना ते कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मग मी काय करू? खोकी बांधू?" हातातून कोन गेला तर हा माणूस वाळत जाईल, हे वहिनींना पक्कं ठाऊक होतं.

मग एका दुपारी एका कचेरीतली बाई निरोपाचा केक न्यायला आली. वहिनींनी झाकण उघडून दाखवलं. वर लिहिलं होतं: 'लाडक्या साबणाला प्रेमाचा निरोप.'

बाईंनी दोनदा वाचलं. मग तोंडाला लावायला पदर नव्हता म्हणून पर्सच लावली. "असू दे हो वहिनी. साहेबांनी इतकी वर्षं आम्हाला धुवूनच काढलंय."

"अहो, पण साहेब काय म्हणतील?"

"त्यांना चष्मा लावल्याशिवाय दिसत नाही. आणि फोटोत ते चष्मा काढतात."

वहिनींना हसता येईना. केक उचलून त्या तडक आतल्या थंड खोलीत गेल्या. तिथे आयसिंग वितळू नये म्हणून इतका गारवा असे, की त्या स्वतः शाल घेतल्याशिवाय पाऊल टाकत नसत.

"अहो, हे काय लिहिलंत?"

मास्तरांनी केककडे पाहिलं. "साहेबांना निरोप."

"नीट वाचा."

"वाचतोय की. साहेब." त्यांचा आवाज जडावला होता. हात मात्र पाटासारखा स्थिर.

तेवढ्यात त्यांच्या कपाळावरून एक थेंब ओघळून टेबलावर पडला. वहिनींनी शाल सावरता सावरता तो पाहिला. भट्टीपाशी सगळेच घामाघूम, तिथे कोण विचारतो? पण इथे? त्यांनी मास्तरांच्या मानेवर हात ठेवला. मान ओलीचिंब होती, गार पडलेली.

बोटाला टोचून साखर मोजायच्या यंत्रात रक्ताचा थेंब धरला, तर आकडा पार तळाला गेलेला. मास्तरांचा हात आयसिंगच्या कोनाकडे वळला.

"ते नको, त्यात लोणी आहे, साखर चढायला वेळ लागेल. हे प्या." वहिनींनी साखरेच्या पाण्याचा पेला त्यांच्या तोंडाला लावला.

काही वेळानं मास्तरांच्या नजरेत भान परतलं. त्यांनी केककडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हा साबण कुणी लिहिला?"

वहिनी तिथेच स्टुलावर बसल्या आणि हसता हसता रडल्या.

दुसऱ्या दिवशी दोघंही डॉक्टरीणबाईंसमोर होते.

"यकृताच्या दुखण्यात डोकं एरवीही गोंधळू शकतं, म्हणून तेही तपासू," त्या म्हणाल्या. "पण आधी साखर. मी यांना सांगितलं होतं, ही गोळी साखर उतरल्याची थरथर आणि धडधड झाकते. घाम झाकत नाही. त्यावर लक्ष ठेवा म्हटलं होतं."

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. मास्तर भिंतीवरच्या यकृताच्या चित्रात रंगून गेले होते.

"मग गोळीच बंद करा," ते चित्राकडे बघत म्हणाले. "थरथरलो तरी चालेल."

"आणि नसा फुटल्या तर? गोळी मनानं सोडायची नाही. इन्शुलिन मी कमी करते. उपाशी राहायचं नाही, थोडं थोडं खायचं. यकृत म्हणजे घरातली साखरेची बरणी. अडीनडीला त्यातूनच साखर निघते. तुमची बरणी आता भरतच नाही."

"म्हणजे लिहू ना मी?" मास्तरांनी विचारलं. एवढंच विचारायला ते आले होते.

"लिहा की. साखर बघून लिहा."

यंत्रवाल्याचा नंबर वहिनींनी पुसून टाकला. आता कोन उचलण्याआधी मास्तर काहीतरी खातात आणि बोट पुढे करतात. लिहिताना मध्येच शाल पांघरलेल्या वहिनी मागून येऊन त्यांच्या मानेवर हात ठेवतात.

"कोरडी आहे. लिहा."

"मग हात काढ की."

"थांबा हो, खात्री करतेय."

"अशी खात्री करत राहिलीस तर मला दुसराच घाम फुटेल."

दाराशी ट्रे घेऊन आलेला भट्टीवाला खाकरला आणि आल्या पावली मागे फिरला.