माझी दांडी सरळ झाली त्याची गोष्ट

मी एक जुना व्हॉल्व्ह आहे, मित्रांनो. नाव ऐकून नाक मुरडू नका. एका छोट्या ट्रॅक्टरच्या सीटशेजारी मला बोल्टांनी आवळून बसवलं आहे. शेतात एका सरीचं पाणी दुसऱ्या सरीत वळवतात ना, तसं मी पंपातून आलेलं तेल वळवतो. माझ्यातून दोन पाइप समोरच्या सिलिंडरकडे जातात. एकातून तेल गेलं की पुढची लोखंडी बकेट वर उचलली जाते, दुसऱ्यातून गेलं की खाली येते. माझी दांडी हातातून सोडली की बकेट असेल तिथेच थांबते. इतकं साधं काम. आणि तरी गेल्या महिन्यात माझ्याकडून जे झालं, ते आठवलं की वाटतं, हे खरंच आपल्या हातून झालं?

माझा जन्म गुजरातेतल्या एका कारखान्यात झाला. भट्टीतून निघालो तेव्हाच माझ्या अंगावर कोणता पाइप कुठे लावायचा ते अक्षरांत उठवलेलं होतं. पण अक्षर असून काय उपयोग, वाचणारा भेटायला हवा ना! मला भेटले वामनराव. चांदूर बाजारजवळ त्यांची संत्र्याची बाग आहे. मिस्त्री दोन दिवस आला नाही म्हणून त्यांनी स्वतःच पाना उचलला. “दोन नळ्या अन् दोन भोकं, त्याच्यात काय अक्कल लागते?” असं म्हणत त्यांनी पाइपांची अदलाबदल करून ठेवली. झालं! दांडी ओढली की बकेट वर जायला हवी, तर ती खाली जाऊ लागली, आणि ढकलली की वर. मुलानं, शेखरनं, शंका काढली तर वामनराव म्हणाले, “समोर ढकललं का वर जाते, याच्यात उलटं काय हाय?” माणूस एकदा बोलला की बोलला. मग कोणी विषय काढला नाही.

सहा वर्षं मी उलटा चाललो. सुरुवातीलाच शेखर अकोल्याला नोकरीला लागला आणि ट्रॅक्टर त्याच्या बायकोच्या, दामिनीच्या, हाती आला. काय हात होता पोरीचा! झाडाच्या आळ्यात नेमकं हवं तेवढंच शेणखत पडायचं, फांदीला ओरखडा नाही. तिच्या सासूबाई, माणिकबाई, बांधावरून शेजारणींना सांगायच्या, “माही सून पाहा, ट्रॅक्टरशी बोलते.” ते ऐकून मीही फुगायचो. अंगावर बोटभर माती साचली होती, वर्षभर कोणी फडकं मारलं नव्हतं, तरी माझी तक्रार नव्हती. दामिनी मान वर न करता मला ढकलायची आणि बकेट उचलली जायची. तिला दुसरी रीत ठाऊकच नव्हती.

गेल्या महिन्यात पाइप ठिबकू लागले. सासू-सून तेल्हाऱ्याला लग्नाला गेल्या होत्या, तेव्हा वामनरावांनी चंदन मिस्त्रीला बोलावलं. चंदननं माझ्यावरची माती पुसली, अक्षरं वाचली आणि हसला. “काका, इतके वर्सं उलटंच चालवलं काय? आता सरळ करून देतो. वढलं का वर, ढकललं का खाली. घरच्याइले सांगजा बरं, हे इसरू नका.” वामनराव नुसतं “हाव” म्हणाले. नवे पाइप गळतात का ते कळावं म्हणून चंदन बकेट छातीइतकी वर ठेवून, खाली एक पोतं अंथरून निघून गेला.

संध्याकाळी बाया परतल्या. जेवताना वामनरावांनी लग्नातल्या पंगतीची चौकशी केली, नव्या पाइपांचं कौतुक केलं. पण सहा वर्षं आपण सुनेला उलटं शिकवलं, हे सांगायला त्यांची जीभ रेटली नाही. उद्या सांगू, म्हणाले असतील मनात.

सकाळी वामनराव मोटर सुरू करायला विहिरीकडे गेले. दामिनीनं ट्रॅक्टर चालू केला. माणिकबाईंना बकेटखालचं पोतं दिसलं. “थांब वं, पोतं काढू दे,” म्हणत त्या वाकून आत शिरल्या. सासूच्या डोक्याला लागू नये म्हणून दामिनीनं बकेट आणखी वर घ्यायचं ठरवलं. चांगल्यासाठीच, मित्रांनो! आणि तिनं मला समोर ढकललं.

बकेट खाली आली. माणिकबाई ओरडल्या. दामिनी घाबरली, आणि घाबरलेला हात जे शिकला आहे तेच करतो. तिनं मला आणखी जोरात ढकललं. मी तेल सोडत राहिलो. मला थांबता येत नव्हतं! मग ती दांडी सोडून धावली म्हणून बकेट थांबली. तिथेच बसून ती सासूला वाचवायला म्हणून मला ढकलतच राहिली असती, तर माणिकबाई आज नसत्या.

पण त्यांचा खांदा आणि हात बकेटखाली दबला होता, तोंड मातीत गेलं होतं. दामिनीनं दोन्ही हातांनी लोखंड उचलून पाहिलं, ते हललंही नाही. ती परत माझ्याकडे आली आणि तिचा हात माझ्यावर येऊन थबकला. समोर की मागे? ढकलल्यावर बकेट खाली आलेली तिनं डोळ्यांनी पाहिली होती, पण सहा वर्षांचा हात डोळ्यांचं ऐकेना. पुन्हा चुकलं तर सासू गेली. आणि माझ्या अंगावर उत्तर लिहिलेलं असून मी मुका.

“मांगं वढ, दामिनी! मांगं!” विहिरीकडून वामनराव पळत येत होते. तिनं ओढलं. बकेट वर गेली.

माणिकबाईंना बाहेर ओढून घेतल्यावर दामिनी सासऱ्याकडे वळली. आवाज चढला नाही तिचा. “तुमाले मालूम होतं, मामाजी?”

वामनराव खाली मातीत बसले.

अमरावतीच्या दवाखान्यात हाताला प्लास्टर घालून आठव्या दिवशी माणिकबाई घरी आल्या. वामनराव लाल रंग आणि ब्रश घेऊन माझ्यापाशी बसले होते. दांडीच्या मागच्या बाजूला ‘वर’, पुढच्या बाजूला ‘खाली’ असं मोठ्या अक्षरांत लिहीत होते. माणिकबाई बाजेवरून पाहत होत्या.

“चार अक्षरं लिवाले माहा हात मोडा लागला काय तुमाले?” त्या म्हणाल्या.

“मले लाज वाटत होती,” वामनराव म्हणाले. सुनेसमोर, पहिल्यांदा.

मित्रांनो, आमच्यावरची माती पुसा, अक्षरं वाचा, हे तर आहेच. उचललेल्या लोखंडाखाली कधी जाऊ नका, मग चालवणारा कितीही हुशार असो. पण घरातली कुठली वस्तू बदलली, दुरुस्त झाली, तर ती वापरणाऱ्याला त्याच क्षणी सांगा, जेवण झाल्यावर नव्हे. आमची दुरुस्ती गुपचूप होते, आम्हाला बोलता येत नाही. सांगायचं काम तेवढं तुमच्याकडे आहे.