खर्जातले इंग्रज बुवा

आपल्याला गाण्यातलं कळतं, असा माझा लहानपणापासून समज आहे. पुण्यात वाढलेल्या माणसाला तो फुकटच मिळतो. पीएचडी करायला अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी आलो, तेव्हा दोन बॅगांबरोबर तोही घेऊन आलो आणि कस्टमवाल्यांनी अजिबात अडवला नाही.

२००३च्या ऑगस्टमध्ये एका गराज सेलमध्ये मला पेटीच्या आकाराचा जुना रेकॉर्ड प्लेअर मिळाला, आणि सोबत एक एलपी. इंग्लंडातली शेकडो वर्षांपूर्वीची कथागीतं, १९७०च्या आसपास केसाळ पोरांनी इलेक्ट्रिक गिटार आणि फिडल घेऊन केलेली. कव्हरवर शेतात उभी असलेली पाच धूसर माणसं होती. मागच्या बाजूला ओल लागून नावं पार गेली होती. मी घरी येऊन रेकॉर्ड लावली. प्लेअरला वेगाचा एक खटका होता. तो होता तिथेच ठेवला, कारण जुन्या वस्तूला उगाच हात लावू नये.

आणि काय तो आवाज! धीरगंभीर, खर्जातला, एकेक शब्द खेचून खेचून पुढे नेणारा. दुसऱ्या कोणाला शंका आली असती. पण आम्ही विलंबित ख्याल ऐकून मोठी झालेली माणसं, मला समाधी लागली. शब्द एकही कळत नव्हता, पण ख्यालातला तरी कुठे कळतो? मी त्या गायकाचं नाव 'बुवा' ठेवलं.

उल्का पहिल्यांदा आमच्याकडे आली ती पोहे खायला. ती मुंबईची, कीटकशास्त्रात मास्टर्स करत होती आणि कमी बोलायची. मी बुवा लावले आणि मांडीवर हाताने ठेका धरून समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. पुढच्या रविवारी ती पुन्हा आली. मग दर रविवारी दुपारी कॅम्पसची बस पकडून येतच राहिली, आणि मी दर रविवारी मंद्र सप्तकावर बोलतच राहिलो.

खरं म्हणजे मला बोलायचं होतं ते वेगळंच. तिला टेक्सासमध्ये फ्रिस्कोला नोकरी लागली होती, डिसेंबरअखेर ती जाणार होती. ती गेली की माझ्या रविवारांचं काय होईल, या विचाराने मी कॅलेंडरवर उरलेले रविवार मोजत बसायचो. पण तोंड उघडलं की बाहेर पडायचं ते बुवांच्या मींडेवरचं प्रवचन.

शेवटी मी तिच्या निरोपाची बैठक ठरवली. बैठक संपली की तिला बस स्टॉपपर्यंत सोडायचं आणि वाटेत विचारायचंच. कार्पेटवर पांढरी चादर घातली, उशांचे लोड केले, उदबत्ती लावायची म्हणून स्मोक डिटेक्टरला प्लास्टिकची पिशवी बांधली. आठ-दहा मराठी पोरं आली. लेकीकडे राहायला आलेले जगन्नाथकाका आले. ते तबला वाजवत, म्हणून त्यांना लोडाशी बसवलं. माझा नागपूरचा रूममेट शंतनू हातात फडकं घेऊन फिरत होता. त्याने आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी पुसलं, आणि नेमका प्लेअर पुसला.

मी उभं राहून प्रास्ताविक केलं. चांगलं लांबलचक केलं. "हे बुवा एकेका स्वरावर मुक्काम करतात," असं म्हणालो. पाश्चात्त्यांना लय कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं, असंही म्हणालो. मग डोळे मिटले आणि सुई ठेवली.

फिडल उधळलं. ढोल धावायला लागला. आणि एक तरणीताठी बाई खणखणीत आवाजात, घाईघाईने, कुणाच्या तरी खुनाची हकीकत सांगू लागली.

"मशीन बिघडलं!" मी ओरडलो.

"अबे चारू," शंतनू म्हणाला, "तुझा बुवा तं बाई निघाली ना बे!"

जगन्नाथकाका वाकून खटका बघत होते. "बिघडलं नाही रे," ते म्हणाले. "आता कुठे बरोबर चाललंय. ही मिनिटाला तेहतीस फेऱ्यांची रेकॉर्ड. तू काय सोळावर ऐकत होतास? अरे, अर्ध्या वेगाने!"

खोली हसून लोळायला लागली. एकाने मांडीवर माझ्यासारखा ठेका धरून दाखवला. काकांनी चष्मा काढून डोळे पुसले. मीही हसलो, म्हणजे दात दाखवले. उल्का मात्र उठून स्वयंपाकघरात गेली होती. आपली लाज वाटून गेली असणार, असं मला वाटलं आणि विचारायचं बिचारायचं मनातून काढूनच टाकलं.

मंडळी बटाटेवड्यांवर तुटून पडली, तेव्हा मी आत गेलो. ती कप विसळत होती.

"सॉरी," मी म्हणालो. "चार महिने तुला भलतंच ऐकवलं."

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"पहिल्याच रविवारी. लेबलवर लिहिलंय ना तेहतीस. आमच्याकडे बाबांचा प्लेअर आहे."

"मग बोलली का नाहीस? मी एवढी मुक्ताफळं उधळत होतो!"

तिने नळ बंद केला. "बरोबर स्पीडवर एक बाजू वीस मिनिटांत संपते, चारू. मग मला काय कारण होतं बसायला?"

बाहेर ती इंग्रज बाई कुणालातरी नदीत ढकलत होती. या वेळी मी प्रास्ताविक केलं नाही.

"मी फ्रिस्कोला येऊ?" मी एकदम विचारलं. "म्हणजे थिसिस झाल्यावर. नोकरी तिथेच शोधतो. येऊ का?"

उल्काने ओले हात माझ्याच शर्टाला पुसले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

"ये," ती म्हणाली. "पण थिसिस बुवांच्या वेगाने लिहू नकोस."