मी कापायचा विळा, डागायचा नव्हे

मी विळा बोलतोय. बोलतोय कसला, भांडतोय!

अमडापूरच्या लोहारानं मला घडवलं ते ज्वारी सोंगायला. उंद्रीच्या हिंमतरावांनी बाजारातून आणून मला बायकोच्या, सत्यभामाबाईच्या हाती दिलं. तिचा हात असा चालायचा की मागच्या बाया ओरडायच्या, "दमानं घे वं माय!"

मग तिची पाठ धरली. कामाचं दुखणं दोन दिवस पडलं की उतरतं. हे पडल्यापडल्याही ठणकायचं. संध्याकाळी कणकण यायची, हातातल्या बांगड्या सैल होऊन कोपराकडे सरकायच्या. आणि घरात एकच शब्द, वात! सासू मनकर्णाबाई म्हणायच्या, "वातच हाय. बाईमाणसाची पाठ दुखतेच." पाठ हिची, अन् निदान साऱ्या गावाचं!

आधी उकंडरावाला बोलावलं. तो पायाळू, जन्मताना त्याचे पाय आधी आले, म्हणून त्याची लाथ गुणाची म्हणे! त्यानं पाठीला पाय लावला. काही फरक नाही. मग मला चुलीत घातलं, लालबुंद केलं आणि तिच्या कण्यावर तीनदा टेकवलं. ती किंचाळली. अरे, मी काय वैद्य आहे? तिच्याच हातातला मी, तिलाच भाजत होतो. मला लाज वाटली, यांना नाही वाटली!

"डाग देल्ला, आता गुण येईन," म्हणत चार महिने घालवले. एका सकाळी ती उठायला गेली आणि रडत म्हणाली, "मले पाय समजूनच नाही राह्यले." तेव्हा कुठे हिंमतरावांनी गाडी जुंपून तिला दवाखान्यात नेलं.

परत आल्यावर त्यांनी मान खाली घालून आईला सांगितलं, "मणक्याचा क्षय हाय. पडल्यावरही दुखते, ताप येते, अंग वाळते, तवाच आणाले पाह्यजे होतं म्हणे डॉक्टर."

वर्षभर औषधपाणी झालं. जीव वाचला. पाय मात्र गेले ते गेलेच.

काल शेजारचा निवृत्ती आला. "वहिनी, विळा द्या. मायची कंबर दीड महिना झाला धरून हाय."

"ताप येते?" खाटेवरून सत्यभामाबाईनं विचारलं.

"येते थोडा. वात हाय, दुसरं काय!"

तिनं मांडीवरची गोधडी बाजूला केली. काटकीसारखे पाय त्याला दाखवले. "पाह्य. मलेही वातच म्हनत होते. विळा नाही भेटत. आमची गाडी घे, आत्ताच ने तिले."

निवृत्ती गाडीला बैल जुंपायला गेला.

मला शेतात न्या, माणसाला दवाखान्यात न्या. एवढं कळायला आणखी किती बायांचे पाय घेणार आहात?